कळलं कसं?

आज बोललेलं एखादं साधं वाक्य आठवा. ‘भाऊ बाजारात गेला’, एवढंही पुरे. त्या वाक्यापाशी जरा थांबा.

आता सावकाश विचारा : हे मला कळलं कसं? त्याला जाताना पाहिलं? की फाटकाचा आवाज तेवढा कानावर आला? खुंटीवर पिशवी नाही, म्हणून ताडलं? बुधवारी तो जातोच, म्हणून धरून चाललो? की वहिनीने सांगितलं? एकेक शक्यता मनात घ्या, मग पुढच्या शक्यतेकडे वळा.

ब्राझीलच्या वायव्य टोकाला, वाउपेस नदीच्या खोऱ्यात तारियाना भाषा बोलतात. तिथे घडून गेलेली गोष्ट सांगताना काळाच्या प्रत्ययातच हा खुलासा करावा लागतो. वरच्या पाच शक्यतांपैकी एक निवडल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मराठीत आपणही ‘म्हणे’ जोडतो, पण वाटलं तर.

या भाषेचा अभ्यास करणाऱ्या भाषाशास्त्रज्ञ अलेक्झांड्रा आयखेनवाल्ड मॉस्कोत शिकल्या, बर्बर भाषांवर प्रबंध लिहून ब्राझीलला गेल्या, पुढे ऑस्ट्रेलियात स्थिरावल्या. तारियाना त्या नुसत्या प्रश्नावल्या भरून शिकल्या नाहीत. त्या लोकांत राहिल्या, त्यांच्या गोष्टी ऐकल्या, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलल्या. मग 500हून अधिक भाषा धुंडाळून 2004 साली त्यांनी याच विषयावर ग्रंथ लिहिला. जगातल्या साधारण पाव भाषांत माहितीचा उगम व्याकरणानेच सांगावा लागतो, असं त्या मांडतात.

इथे पुन्हा थांबू या, कारण त्यांच्या साऱ्या कामात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे : माहितीचा उगम आणि तिचा खरेपणा त्यांनी एकमेकांत मिसळू दिला नाही. ‘पाहिलं’चा प्रत्यय लावून खोटं बोलता येतं. ऐकीव गोष्ट शंभर टक्के खरी असू शकते. व्याकरण फक्त वाट दाखवायला लावतं. खरंखोटं माणसावरच राहतं. आपल्या मनातली एखादी पक्की समजूत घ्या आणि ती कोणत्या वाटेने आली ते पाहा. ती खरी की खोटी, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. हे वाटतं त्याहून अवघड आहे.

वाउपेसच्या खोऱ्यात माणसाची भाषा वडिलांची, आणि रीतीप्रमाणे लग्न वेगळ्या भाषेच्या कुळात. तारियाना मुलांच्या कानावर मात्र आता तिथलीच दुसरी भाषा, तुकानो, जास्त पडते. आयखेनवाल्ड यांचं तारियानाचं व्याकरण 2003 साली छापलं गेलं, तेव्हा ती बोलणारी माणसं शंभराच्या आसपास होती.