आप्त कोणास म्हणावे?

अमुक महाराजांचे कीर्तन ऐका, तमक्या बाईंची पुरणपोळी पाहा, कपाशीवरील गुलाबी बोंडअळीविषयी तो एक शेतकरी सांगतो ते एकदा तरी ऐकाच, अशा शिफारशी अमरावतीजवळच्या वलगावच्या एस. टी. थांब्यावर आज ज्या सढळपणे होतात, त्या सढळपणे पूर्वी फार तर वैद्याची किंवा बैलाची शिफारस होत असे. फोन पुढे करून "हे पाय बरं भाऊ, लय चांगलं सांगते" असे म्हणणाऱ्या माणसाचा हेतू बहुधा निर्मळच असतो; परंतु आपण या क्षणी एका तिऱ्हाइताच्या वचनाला जामीन राहत आहोत, ही जाणीव त्याच्या ठायी क्वचितच असते. कोणाचे ऐकावे आणि कोणाचे ऐकावयास दुसऱ्याला सांगावे, हा प्रश्न वरकरणी करमणुकीचा दिसला, तरी आपल्या परंपरेने तो धर्माचाच मानलेला आहे. नवविधा भक्तीत पहिले स्थान श्रवणाला दिले, ते काही उगीच नव्हे.

समर्थांनी दासबोधाच्या चौथ्या दशकातील पहिल्या समासात श्रवणाचा जो विस्तार सांगितला आहे, तो आजच्या वाचकाने मुद्दाम पाहावा. केवळ पुराण आणि हरिकथा एवढ्यावर तो थांबत नाही. ग्रहतारे, तालनृत्य, विद्या आणि कला, औषधे आणि रोग असे नाना विषय श्रवणाच्या कक्षेत येतात, आणि अखेरीस असार सांडून सार घेण्याची जबाबदारी मात्र ऐकणाराच्याच गळ्यात पडते. तेव्हा स्वयंपाक, शेती, संगीत आणि वेदान्त एकाच पडद्यावर एकापाठोपाठ एक येतात म्हणून धर्म बुडाला, अशी फिर्याद करण्यास निदान रामदासी परंपरेत तरी आधार नाही.

मग सार ओळखावे कसे? येथे नैयायिकांचा आधार घेतल्यावाचून गत्यंतर नाही. गौतमाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली, आणि आप्ताचा उपदेश तोच शब्दप्रमाण ठरविला. आप्त कोण, तर ज्याने ती वस्तू स्वतः साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच दुसऱ्यास सांगावी अशी ज्याची इच्छा आहे तो, असा गौतमाच्या सूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्याचा आशय आहे. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू, असेही तो लगेच सांगून टाकतो. एवढ्या जुन्या काळी ज्ञानाच्या दरबारात जन्माचा दाखला मागावयाचा नाही असे ठरविणाऱ्या त्या भाष्यकाराविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. परंतु आपल्या प्रस्तुत प्रश्नापुरते त्याहून महत्त्वाचे असे की, आप्तत्व हे माणसाला सरसकट चिकटत नाही, त्या त्या वस्तूपुरतेच असते. नगरकडच्या सारोळा कासार येथील सुमनताई धामणे, ज्यांना जग 'आपली आजी' म्हणून ओळखते, त्या चुलीपाशी बसून मसाला कधी खमंग झाला हे सांगतात तेव्हा निःसंशय आप्त होत. सिंधुदुर्गातील प्रसाद गावडे, म्हणजे कोकणी रानमाणूस, तेथल्या रानाविषयी आणि तिथल्या राहणीविषयी बोलतात तेव्हा तेही आप्त होत. त्यांची शिफारस मी आनंदाने करीन, पण त्या त्या विषयापुरतीच. उद्या यांपैकी कोणी एकादशीच्या फलाविषयी बोलू लागले, तर कालची माझी शिफारस त्या मजकुराला लागू नाही, हे ऐकणाराने आपण होऊन समजून घ्यावे.

पावसाच्या अंदाजाचेही तसेच आहे. तो वेधशाळेचा असो वा परभणीकडच्या पंजाबराव डखांचा असो, पेरणीच्या तोंडावर वऱ्हाडातला शेतकरी तो कान देऊन ऐकतो. आणि येथे एक सोय अशी की, पाऊस आला किंवा नाही याची खातरजमा आभाळच करून देते. सांगितलेल्या तारखा भिंतीवरील कॅलेंडरवर लिहून ठेवल्या म्हणजे झाले. तेवढेही बहुतेकांच्या हातून होत नाही, खरा ठरलेला अंदाज तेवढा स्मरणात राहतो, ही गोष्ट निराळी. जेथे आभाळ साक्षीला येत नाही, म्हणजे परलोक, पापपुण्य, व्रताचे फळ, गुरुकृपा, तेथे मात्र शिफारस करणाराचे ओझे फार वाढते, आणि नेमक्या याच प्रांतात शिफारशी सर्वांत स्वस्त झाल्या आहेत.

यंत्रातून आलेला शब्द हे श्रवणच नव्हे, असा एक आक्षेप वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकू येतो. मला तो पटत नाही. याच अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१ ते १९१५) तान्हेपणीच दृष्टीला पारखे झाले. दुसऱ्याकडून ग्रंथ वाचवून घेऊन त्यांनी जे श्रवण केले, त्यातून शंभराहून अधिक लहानमोठ्या रचना निर्माण झाल्या. वाचून दाखविणारा ज्ञानी असलाच पाहिजे अशी अट तेथे नव्हती. त्याचा आवाज हे केवळ वाहन होते. श्रवणानंतरचे मनन आणि निदिध्यासन महाराजांनी स्वतः केले. फोनमध्ये उणीव आहे ती गुरूच्या देहाची नव्हे, तर या मननाला लागणाऱ्या उसंतीची. कारण एक चित्रफीत संपते न संपते तोच दुसरी आपोआप सुरू होते. ही दुसरी कोण निवडतो? निवडणाऱ्या त्या यंत्राला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान नाही, आणि जे आहे ते जसेच्या तसे सांगावे ही इच्छाही नाही. आपण पाहत राहावे एवढीच त्याची मनीषा. वात्स्यायनाची दोन्ही लक्षणे जेथे नाहीत, त्याची शिफारस आपण दिवसभर मानतो, आणि शेजाऱ्याने सांगितलेले मात्र "पाहू मग" म्हणून टाळतो.

भागवताच्या एकादश स्कंधातील अवधूताने चोवीस गुरू केले, आणि एकनाथांनी ते प्रकरण मराठीत विस्ताराने आणले. त्यातल्या बाण घडविणाऱ्या कारागिराची एकाग्रता अशी, की राजाची स्वारी वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळले नाही. अवधूताने तेवढी एकाग्रता उचलली आणि पुढची वाट धरली. अजगरापासून त्याने आयते मिळेल त्यात संतोष घेतला, पण अजगराचा मठ काही स्थापन केला नाही. आवडत्या वक्त्यांची यादी करणाराने हा धडा घ्यावा: कोणापासून काय घेतले ते सांगता आले, तर शिफारस, न आले, तर ती केवळ ओढ.

आणि आता गाडगेबाबा. १८७६ साली शेंडगाव येथे जन्मलेल्या या पुरुषाने कोणाला शिष्य केले नाही आणि पायांवर डोके ठेवू दिले नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्यात झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, म्हणून तो आवाज आपल्यापाशी उरला. त्या आवाजाची मातब्बरी अशी की, तो सांगत नाही, विचारतो. देव कोठे आहे, कर्ज काढून सण करावा काय, मुलाला शाळेत घालणार की नाही, असे वऱ्हाडी बोलीत विचारून समुदायाकडून होय किंवा नाही वदवून घेतो, आणि उत्तर लोकांच्या तोंडून निघाल्यामुळे त्याचे उत्तरदायित्वही लोकांवरच जाऊन बसते. विद्येचे माहात्म्य सांगताना बाबांनी डॉ. आंबेडकरांचे नाव घेतले. पण ते त्यांचे भक्त व्हा म्हणून नव्हे, पोरांना शिकवा म्हणून. स्वतःविषयी तर शिफारशीचा एक शब्दही नाही. पुढे ६ डिसेंबरला आंबेडकर गेले, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावनजीक पेढी नदीपाशी बाबांनी देह ठेवला.

ते कीर्तन आज कोणालाही फोनवर ऐकता येते. पडद्यावर पाहण्यासारखे काही नसते, बहुधा बाबांचे एखादे छायाचित्र तेवढे असते. माझी एवढीच विनंती की, ऐकताना फोन पालथा ठेवावा, आपोआप पुढे जाण्याची सोय आधी बंद करावी, आणि बोली न कळणाराने एखादा वऱ्हाडी माणूस शेजारी बसवून घ्यावा.