पोरक्या मुलांचे पालकत्व आणि धर्मप्रचार

अन्नासाठी आपल्यावर अवलंबून असलेल्या मुलाला आपला धर्म शिकवावा का, हा प्रश्न पुणे जिल्ह्यात पंडिता रमाबाईंच्या कार्यातून तीव्रतेने उभा राहिला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा व मुलींच्या शिक्षणासाठी शारदासदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यात आले. तेथे धर्माबाबत तटस्थता राखण्याची हमी होती. मुली ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या जात असल्याच्या वादातून 1893 मध्ये सुधारक रानडे, भांडारकर आदी सल्लागार सदनापासून दूर झाले.

1896-97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली-स्त्रिया आणल्या. दौंड तालुक्यातील केडगावला त्यांच्यासाठी मुक्तिसदन वसले. अमेरिकन मिशनरी मिनी अब्राम्स 1898 मध्ये तेथे रुजू झाल्या. हे सदन उघडपणे ख्रिस्ती होते. शेती, विणकाम, छपाई असे हातांना काम देणारे शिक्षणही तेथे मिळे.

उपाशी मुलाची संमती मोकळी नसते, हा टीकाकारांचा आक्षेप खराच आहे. पण त्या मुलींना दुसरे कोणते दार उघडे होते, हेही विचारावेच लागते. शिवाय आईबाप स्वतःच्या मुलांवरही न विचारताच श्रद्धेचे संस्कार करतात. फरक असा, की पोटच्या मुलाला घर गमावण्याची भीती सहसा नसते. म्हणून पालक-प्रचारकाने धर्म नाकारणाऱ्या मुलाचेही ताट आणि अंथरूण अबाधित ठेवले पाहिजे.