सोय आणि अट

गेल्या दिवाळीत मी कोकणात आत्याकडे होतो. वसुबारसेच्या सकाळी ओटीवर चहा घेत बसलो होतो, तोच आत्या म्हणाली, "येतोस का सड्यावर? काकीचं रेशन आणायचंय." रेशन आणि सडा यांचा संबंध माझ्या ध्यानात येईना. रेशनचे दुकान खाली वाडीत, तिठ्यावर. सडा वर, अर्ध्या तासाच्या चढणीवर. तिथे कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि वारा यांखेरीज काही नाही. मी म्हटले, "तिथं काय पिकतं?" आत्या पदर खोचीत म्हणाली, "रेंज पिकते."

प्रकार असा होता. दुकानदाराजवळ आता पॉस मशीन असते. ते माणसाचा अंगठा घेते, दूरच्या कुठल्याशा संगणकाला विचारते, आणि 'हाच तो माणूस' असा होकार आला की पावती काढून देते. वाडी दरीत असल्यामुळे तो होकार वाडीपर्यंत पोचतच नाही. म्हणून महिन्यातून दोन दिवस दुकानदार मशीन पिशवीत घालून सड्यावर जातो. त्याच्या पाठोपाठ वाडी चढते, अंगठा देते, पावती घेते आणि धान्य घ्यायला पुन्हा खाली उतरते. कुणी कुरकुरत नव्हते. एका बाईने तर फराळाचा डबाही आणला होता.

काकी ही आत्याची शेजारीण. सत्तरी ओलांडलेली. जन्मभर सोडणे कुटून आणि काथ्या वळून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसून गेल्या आहेत. "अंगठा घेत नाही," दुकानदार म्हणाला. काकीने पदराला हात पुसला आणि दुसरे बोट दिले, मग तिसरे. नेमका त्याच वेळी, दोन दिवस मुक्याने पडलेला माझ्या खिशातला मोबाइल थरथरू लागला. शंभरावर शुभेच्छा, दूधवाल्याचे पैसे पोचल्याची वर्दी, मुलाने बेंगळूरूहून पाठवलेला नातीचा फोटो! एकाच सड्यावर, एकाच हवेत आम्ही दोघे उभे होतो. त्या हवेतून जाणाऱ्या लहरींनी मला क्षणात ओळखले, आणि जी त्या सड्यावर लहानपणापासून गुरे चारीत आली तिला काही केल्या ओळखीनात. काकीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. त्या दिवशी मनात जे आले ते आधी सांगतो.

मी या यंत्राचा निंदक नाही. आपल्या देशात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाले. तेव्हा बोलणाऱ्यालाही पैसे पडत आणि ऐकणाऱ्यालाही. श्रीमंतांचे ते एक खेळणे होते. आज भाजीवाली त्यावर पैसे घेते. ज्या वस्तूने गरिबाचा दिवस सोपा केला, तिच्यावर नाक मुरडणे हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे.

आणि ही नुसती सोय नव्हे. तिच्यात संपत्ती निर्माण करण्याची शक्ती आहे. याचे मला माहीत असलेले सर्वांत सुंदर उदाहरण उत्तर केरळच्या किनाऱ्यावरचे आहे. तिथला मच्छीमार पहाटे तारली धरी आणि आपल्या नेहमीच्या किनाऱ्याला लागे. त्या दिवशी सगळ्यांनाच मासळी भरपूर मिळाली असली, तर गिऱ्हाईक नसे. शेजारच्या किनाऱ्यावर काय चालले आहे हे कळण्याला मार्ग नव्हता, आणि तेल जाळून तिकडे जाऊन पाहावे तोवर बाजार उठून जाई. १४ जानेवारी १९९७ रोजी वडकरा येथे अकरा मच्छीमारांनी आपली मासळी फेकून दिली. त्याच दिवशी पंधरा किलोमीटरांच्या आतल्या बाजारांत ती विकत घेतील अशी सत्तावीस गिऱ्हाइके होती. मासा होता, भूक होती, पैसाही होता; मध्ये निरोप तेवढा नव्हता.

त्याच महिन्याच्या अखेरीस कोळिकोडकडे मोबाइल आला, १९९८ मध्ये कण्णूरला आणि २००० मध्ये कासरगोडला. किनाऱ्यालगतच्या मनोऱ्यांच्या लहरी समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत जात. होडीवाला पाण्यातूनच चौकशी करू लागला आणि जिथे भाव असेल तिकडे वल्हवू लागला. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने त्या काळातले आठवड्या-आठवड्याचे भाव टिपले होते. २००७ साली त्याने हिशेब मांडला. पूर्वी पाच ते आठ टक्के मासळी वाया जाई, ती जवळजवळ थांबली. मच्छीमारांचा नफा सरासरी आठ टक्क्यांनी वाढला, आणि खाणाऱ्याला मासा चार टक्क्यांनी स्वस्त मिळाला. विकणारा आणि घेणारा दोघेही एकदम सुखी झाल्याची उदाहरणे व्यवहारात फार थोडी सापडतात. ज्यांच्याजवळ फोन नव्हता त्यांच्याही पदरात थोडे पडले, कारण भाव सगळीकडेच सारखे होत गेले.

याच्या शेजारी एक जुनी मुंबईची गोष्ट ठेवून पाहा. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले. विलायतेचा भाव आगबोटीने यायचा. प्रेमचंद रायचंद बोट धक्क्याला लागण्याआधीच आपल्या होड्या समुद्रात धाडून भाव काढून आणीत, असे सांगतात. इतरांना कळेपर्यंत त्यांचे व्यवहार उरकलेले असत. यादवी संपली तशी १८६५ मध्ये मुंबईची पतच कोसळली, पण तो वेगळा विषय. त्यांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर आजही आपल्याला वेळ सांगतो. वेळेची किंमत त्या माणसाइतकी क्वचितच कुणाला कळली असेल.

दोन्ही गोष्टींत समुद्र आहे, होडी आहे आणि वेळेवर मिळालेली बातमी आहे. तरी त्या एक नव्हेत. प्रेमचंदांचा लाभ बातमी त्यांना एकट्यालाच ठाऊक होती यातून झाला. केरळातल्या किनाऱ्याचा लाभ ती सर्वांना ठाऊक झाली यातून. पहिल्या प्रकाराला आपण चढाओढ म्हणतो. दुसऱ्यासाठी आपल्याजवळ चांगला शब्दच नाही, आणि म्हणून की काय, १ ऑक्टोबर २०२२ रोजी आपल्याकडे मोबाइलची पाचवी पिढी अवतरली तेव्हा जिकडेतिकडे चढाओढीचीच भाषा ऐकू आली: देश पुढे जाईल, कारखाने जलद चालतील, जगाच्या बाजारात आपण मागे राहणार नाही. माझा मुलगा याच धंद्यात आहे. तो सांगतो की या पिढीचे उद्दिष्ट एका चौरस किलोमीटरात दहा लाख यंत्रे जोडण्याचे आहे. मला आत्याची वाडी आठवते. तिथे बत्तीस घरे आहेत.

त्यानेच मला एक मर्मही समजावून सांगितले. लहर जितकी जास्त ओझे वाहते, तितकी साधारणपणे तिची धाव कमी. उंच वारंवारितेच्या लहरी भिंतीला अडखळतात, डोंगराला तर शरणच जातात. म्हणून मनोरे जवळजवळ उभारावे लागतात, आणि ते परवडतात दाट वस्तीत. प्रगतीचा वेग आणि प्रगतीची पोच यांच्यात हा असा निसर्गाचाच तंटा आहे. यात कुणाची दुष्टबुद्धी नाही. पण दुष्टबुद्धी नाही म्हणून जबाबदारीही नाही, असे थोडेच आहे?

माझ्या मते प्रश्न सुरू होतो तो बाजाराकडून सरकारकडे वळताना. होडीवाल्याच्या हातातल्या फोनने त्याला एकाचे दहा किनारे दिले. त्याचे सामर्थ्य यंत्रात नव्हते, निवडीत होते. ज्याने लिलाव करणाऱ्याकडून होडीसाठी उचल घेतली असेल, त्याला हातात फोन असूनही मासळी त्याच्याच पुढ्यात ओतावी लागते. तिकडे ही उचलीची रीत जुनी आहे. आणि नागरिकाला तर सरकार नावाचा एकच किनारा असतो. तिथे होडी लागली नाही तर दुसरीकडे वल्हवत जाता येत नाही.

इथे मी जरा घाईने बोललो, हे कबूल केले पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यामध्ये रेशनकार्ड कुठेही चालावे अशी व्यवस्था सुरू झाली, आणि २०२२ पर्यंत ती साऱ्या देशात पोचली. नंदुरबारहून सुरतेला मजुरीला गेलेल्या माणसाला आपले धान्य सुरतेत मिळू लागले. पूर्वी त्याचे कार्ड गावी राही आणि पोट परगावी. ही किमया या लहरींचीच, आणि या अंगठ्याचीच. एका दुकानदाराने वजनात मारले तर दुसऱ्याकडे जाण्याची मुभाही तिने दिली. तेव्हा सरकारी किनाराही अनेक होऊ शकतो. काकीच्या वाडीत तो झाला नाही, इतकेच.

पण हे 'इतकेच' मला गिळवत नाही. मशीन आले ते सोय म्हणून. मग हळूहळू त्या सोयीची अट झाली. सोय आणि अट यांच्यात फरक काय? सोय न वापरणाऱ्याचे जास्तीत जास्त श्रम वाढतात. अट न पाळणाऱ्याचा हक्क जातो. रोजगार हमीच्या कामांवर जानेवारी २०२३ पासून मोबाइलवरची हजेरी सक्तीची झाली, मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो. खोट्या नावांनी मजुरी लाटणाऱ्यांना चाप बसावा हा हेतू. तो वाईट कोण म्हणेल? पण ज्याने दिवसभर दगड फोडले, त्याने काम केल्याचा पुरावा कशावर अवलंबून राहिला? त्याच्या घामावर नव्हे, मुकादमाच्या फोनला मिळणाऱ्या रेंजवर.

माझे एक स्नेही अर्थशास्त्र शिकवीत. त्यांना हे सारे सांगितले तर ते म्हणाले, "हा संक्रमणाचा काळ आहे हो. मनोरे होतील. दहा वर्षांनी तुमच्या सड्यावर कुणी चढणार नाही." खरे असेल. पण संक्रमण देशाचे होते आणि चढण काकीची होते. तिला दहा वर्षांनंतर नव्हे, या महिन्यात जेवायचे आहे. शिवाय या वाक्यात एक लबाडी लपलेली आहे: अट घातली कुणी आणि ती पुरी करण्याचे कष्ट पडले कुणावर, हे त्यात पुसून जाते. सावकारालासुद्धा आपण विचारतो की कर्जाची अट घातलीस ती कुळाला पाळण्याजोगी होती का? हाच प्रश्न राज्यकर्त्याला विचारायला आपण बिचकतो, कारण त्याची अट प्रगतीच्या नावाने आलेली असते.

१ ऑक्टोबर ही तारीख वर आली आहे. १८५४ साली याच तारखेपासून आपल्याकडे टपालाचा एकच दर झाला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा. पत्र पलीकडच्या गल्लीत जाणारे असो की देशाच्या दुसऱ्या टोकाला. हिशेबाने पाहिले तर हा अन्यायच. जवळच्याने दूरच्याचे भाडे का भरावे? पण तो अन्याय आपण पिढ्यान्‌पिढ्या सुखाने सोसला. कारण त्यामुळे पोस्टमन आत्याच्या वाडीतही चढून येई, आणि चढण त्याची असे, पत्र घेणाऱ्याची नव्हे. मोबाइलच्या बाबतीतही हे तत्त्व आपल्याला अगदीच अपरिचित नाही. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलाचा पाच टक्के भाग दुर्गम भागांसाठी बाजूला काढण्याची तरतूद २००२ पासून झाली. २०२३ च्या कायद्याने त्या निधीला डिजिटल भारत निधी असे नवे नाव मिळाले. नाव जुने असो वा नवे, त्यातला विचार अर्ध्या आण्याचाच आहे. आणि तो पैसा येतो कुठून? तुम्ही-आम्ही भरलेल्या रिचार्जमधून. एका महानगरातल्या सातव्या मजल्यावर बसून मी नातीचा फोटो पाहतो, त्याचा एक बारीकसा वाटा या सड्याखालच्या दरीचा आहे. तो तिथवर पोचला का, हे आजवर मी एकदाही विचारलेले नाही. विजेचे बिल चार रुपयांनी वाढले तर मी पत्रे लिहिणारा माणूस आहे.

तर काकीचे काय झाले? दहाही बोटे झाली. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला, "मशीन घेत नसेल तर वहीत नोंद करून द्या, असा आदेश आहे. दोन हजार सतरापासून आहे. पण पुढे मलाच विचारतात, बोगस तर नाही ना म्हणून. कुणी साक्षीला सही करील का?" मी पुढे झालो. वही निघाली, पेन निघेना. मशीन आल्यापासून पेन बाळगायची सवयच गेली, असे तो ओशाळून म्हणाला. मी खिसे चाचपले. पेनशिवाय मी घराबाहेर पाऊल टाकीत नसे, असाही एक काळ होता. जमलेल्या पंधरा-वीस माणसांत फोन आठ होते, पेन एकही नव्हते.

शेवटी काकीचा नातू खाली घरी पळाला. तो परत येईपर्यंत आम्ही फराळाचा डबा संपवला. त्याने आणलेली पेन्सिल बोटभर उरलेली होती, एका टोकाला दातांनी कुरतडलेली. दुकानदाराने वही माझ्या गुडघ्यावर ठेवली. सड्यावरचा वारा पान ठरू देईना, तेव्हा काकी खाली बसली आणि मी सही करीपर्यंत पानाचा कोपरा तिने आपल्या अंगठ्याने दाबून धरला.