कारण रेखाटता येत नाही

डिझाइनच्या विद्यार्थ्याकडे प्रकल्पाचे लेखी टिपण मागितले की त्याचा चेहरा पडतो. मॉडेल समोर आहे, रेखाटने आहेत, मग लिहायचे कशासाठी, हा त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो आणि त्याला झटकून टाकणे योग्य नाही. डिझाइन ही हातांनी आणि डोळ्यांनी विचार करण्याची विद्या आहे. कागदावर पेन्सिल फिरता फिरता जे सुचते, ते वाक्य जुळवत बसून सुचले नसते. सुरुवातीच्या रेषेतली संदिग्धता तर हवीच असते. तिच्यात दोन-तीन शक्यता एकाच वेळी नांदू शकतात.

अडचण त्यानंतर येते. रेखाटन वस्तू कशी आहे ते दाखवते. ती तशी का आहे, कोणत्या परिस्थितीत ती निरुपयोगी ठरेल, कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे त्याला सांगता येत नाही. ‘म्हणून’, ‘नाहीतर’, ‘जोवर’ यांची चित्रे निघत नाहीत. खुर्चीच्या रेखाटनात पाठीचा कल दिसतो. तो कल दिवसभर बसणाऱ्या कारकुनासाठी आहे की बाह्यरुग्ण विभागात नंबरची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसासाठी, आणि दोघांना एकच कल चालेल का, याचे उत्तर वाक्यातच द्यावे लागते. ते वाक्य लिहायला घेतले की पुष्कळदा लक्षात येते, आपण हा विचार केलेलाच नव्हता. हात थांबतो, आणि ते थांबणे मोलाचे असते. लेखनाची डिझाइनला असलेली गरज मला इथे दिसते. सादरीकरणाच्या फलकावर चार ओळी बऱ्या दिसाव्यात, एवढ्यापुरती ती नाही.

आपल्याकडच्या डिझाइन शिक्षणाच्या मुळाशीच एक लेखन आहे, याचा आपल्याला विसर पडलेला दिसतो. चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन दांपत्य प्लायवूडच्या खुर्च्यांमुळे जगभर गाजलेले होते. भारत सरकारच्या निमंत्रणावरून ते इथे आले, देशभर हिंडले आणि १९५८ साली त्यांनी ‘इंडिया रिपोर्ट’ हा अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आज जिथे प्रवेश मिळावा म्हणून मुले वर्ष-दोन वर्षे तयारी करतात, त्या संस्थेची सुरुवात अशी थोड्या पानांच्या गद्यातून झाली आहे.

त्या अहवालातला लोट्याविषयीचा भाग प्रत्येक विद्यार्थ्याने सावकाश वाचावा. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये ईम्स दांपत्याला लोटा सर्वांत श्रेष्ठ वाटला होता. पण ते त्याचे गुणगान करत बसत नाहीत. असा लोटा नव्याने घडवायचा झाला तर कशाकशाचा विचार करावा लागेल, हे ते एकामागून एक मांडत जातात. त्यात पाणी किती मावावे? तो उचलणारे हात केवढे, कितपत ताकदीचे आणि कोणाचे? तो डोक्यावरून नेला जाईल, कमरेवर की हातातून? रिकामा असताना आणि भरलेला असताना तोल कुठे राहील? ओतताना धार कशी पडेल? आतून घासता येईल का? एवढ्यावर ते थांबत नाहीत. धातूला किती पैसे पडतील, फुटल्यावर मोडीत किती येतील, कशावर आपटला तर आवाज कसा होईल, तो कोणाला भेट देताना मनाला कसे वाटेल, इथपर्यंत ते जातात. आणि मग म्हणतात, एका माणसाच्या हातून हे घडणे शक्यच नव्हते. अनेक पिढ्यांनी मिळून लोटा घडवला आहे. लोट्याचे उत्तम छायाचित्र यातले फारच थोडे सांगू शकले असते. आवाज, मोड, भेट यांना आकार नाही. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लोटा होता त्यांना जे दिसले नाही ते या पाहुण्यांना दिसले, कारण ते पाहता पाहता प्रश्न लिहीत गेले.

याच्या शेजारी आजच्या विद्यार्थी प्रकल्पांतली भाषा ठेवून पाहावी. समजा, ऊसतोड करणाऱ्या बाईसाठी मोळी वाहण्याचे साधन करायचे आहे. टिपणात वाक्य येते, ‘वापरकर्त्यांना अर्गोनॉमिक समस्यांना सामोरे जावे लागते.’ हे वाक्य शेताच्या बांधावर न जाताही लिहिता येते, हाच त्याचा दोष. आता हेच पाहून लिहायचे ठरवले तर? ती ऊस तोडते, पाला काढते, मोळी बांधते, डोक्यावर घेते आणि फळीवरून ट्रकमध्ये चढते. ट्रक रात्री आला तर हे सगळे अंधारात होते. पाय घसरतो तो फळीवर. मजुरी नवरा-बायको दोघांची मिळून धरली जाते, म्हणून एकीच्या कामाचा वेग कमी झाला तर ते दोघांनाही परवडत नाही. एवढे लिहिले की आधी सुचलेले डोक्यावरच्या गादीचे रेखाटन आपोआप मागे पडते. पुढे येतात ती फळी, उजेड आणि वेग. प्रकल्पाचा विषयच बदलतो, आणि तो बदलतो सरळ, साध्या वाक्यांमुळे.

धूसर लेखनाचे परिणाम काय होऊ शकतात याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण आपल्याला जवळचे आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतताना नष्ट झाले आणि कल्पना चावलासह सात अंतराळवीर गेले. उड्डाणाच्या वेळी बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. यान वर असतानाच अभियंत्यांनी त्या नुकसानीचा अंदाज स्लाइडच्या रूपाने वरिष्ठांपुढे ठेवला. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचणाऱ्याला निर्धास्त करणारा होता. पण तळाशी, बारीक अक्षरांतल्या पोटमुद्द्यात, एक आकडा होता. ज्या चाचण्यांच्या आधारे अंदाज बांधला होता त्या ३ घन इंचांच्या तुकड्यावर झालेल्या होत्या, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १९२० घन इंचांचा होता. म्हणजे ६४० पट. चौकशी मंडळाने आपल्या अहवालात ही स्लाइड छापली आणि माहितीच्या दृश्य मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी केलेल्या तिच्या चिकित्सेची दखल घेतली.

त्या एका स्लाइडमुळे यान पडले असे म्हणता येणार नाही. तरीही, ‘आपण केलेल्या चाचण्या या तुकड्याला लागू पडत नाहीत’ हे वाक्य कोणालातरी पूर्ण लिहावे लागले असते, तर ते मथळ्यातच आले असते. तुटक मुद्द्यांत कर्ता नसतो, क्रियापद नसते, त्यामुळे जबाबदारीही कोणाची राहत नाही. आमच्या डिझाइन शाळांतले फलक आणि स्लाइड याच तुटक भाषेत भरलेले असतात. तिथे जिवावर बेतणारे काही नसते, पण सवय तीच लागते. उद्या हाच विद्यार्थी औषधाच्या वेष्टनावरची सूचना किंवा बँकेच्या ॲपमधला नकाराचा संदेश लिहिणार आहे.

व्यवसायात तर शब्दांवाचून चालतच नाही. पेटंट घ्यायचे तर आपल्या शोधातल्या नेमक्या कशावर हक्क सांगतो आहोत, ते दावे शब्दांत मांडावे लागतात. आकृत्या सोबत जोडल्या जातात, पण हक्काची सीमा शब्द ठरवतात.

राहिला भाषेचा प्रश्न. लातूर, सांगली, जळगावहून आलेली अनेक मुले लिहायला घाबरतात, कारण लिहिणे म्हणजे इंग्रजीत लिहिणे असे त्यांनी गृहीत धरलेले असते. मग ती ओळखीच्या परभाषिक तुकड्यांचा आसरा घेतात आणि जे स्वतः पाहिले, ऐकले, ते हरवते. ज्या बाईशी मराठीत बोलून आलात तिच्याविषयीचे पहिले टिपण मराठीतच लिहावे, तिच्याच शब्दांत. इंग्रजी मसुदा नंतर करता येतो, आणि पाहिलेले आधी नीट लिहिलेले असेल तर तो अधिक चांगला होतो.

डिझाइन शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. मूल्यमापनाच्या दिवशी मॉडेलवरचे कापड काढण्याआधी विद्यार्थ्याकडून एक पान मागून घ्या. त्यावर चित्र नको, मुद्दे नकोत, फक्त पूर्ण वाक्ये असावीत. वस्तू कोणासाठी आहे, ती अशी का आहे आणि कुठे अपुरी पडेल, एवढेच त्यात असू द्या. ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा, आणि गुण देताना त्याला मॉडेलइतकेच वजन द्या.