खलपुरुष आणि त्याचे डाव

पात्राचा स्वभाव त्याच्या कृतींतून प्रकट व्हावा, ही अपेक्षा आपण नाटककाराकडून करतों. मग लढतीच्या व्हिडिओ-खेळाकडून कां करूं नये? ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ (२००१) या निन्टेन्डोच्या खेळांत गॅनॉनडॉर्फ हा खलपुरुष लढावयास उतरला, तो कॅप्टन फाल्कन या शर्यतवीराचे बहुतेक डाव उसने घेऊन. फक्त ते अधिक मंद आणि अधिक जड केलेले. दुरून फेंकण्याजोगें एकहि अस्त्र त्याच्यापाशीं ठेविलें नाहीं.

मूळचा गॅनॉनडॉर्फ कसा आहे? १९९८ च्या ‘ऑकारिना ऑफ टाइम’मध्यें तो राजापुढें निष्ठेचें सोंग घेऊन गुडघे टेकतो, पवित्र प्रदेशाचें दार एक बालक उघडीपर्यंत वाट पाहतो आणि मग आंत शिरतो. लढतांनाहि तो तेजाचे गोळे फेंकतो. त्याचें बळ मनगटापेक्षां कपटांत व मंत्रविद्येंत अधिक.

कोणी म्हणेल, ज्याला घाई नाहीं त्याला मंद गतीच शोभते. हें मला मान्य आहे. त्या जड पावलांत त्याचा दर्प फार चांगला उतरला आहे. परंतु ठोसा समोरून येतो. तो मारणाराचा हेतु लपवीत नाहीं. शकुनीच्या हातचे फांसे काढून गदा द्यावी, तसें हें झालें. आणि माझा आक्षेप केवळ रसिकाचा नव्हे. दुष्टपणा म्हणजे राकटपणा, ही समजूत आपल्यांत आधींच बळावलेली आहे. तिच्यामुळेंच गुडघे टेकणारा मनुष्य आपणांस खल वाटत नाहीं.

२०१८ च्या ‘अल्टिमेट’मध्यें कांहीं प्रहारांसाठीं त्याला तरवार मिळाली. ती त्याला शोभतेहि. पण तीहि समोरूनच येते.