एका लेकराची किंमत किती?



एका आजारी लेकराला दवाखान्यात पोचवण्यासाठी किती खर्च करावा? आईबापाला विचारले तर ते म्हणतील, घरातली बकरी विकू, गहाण पडू, पण लेकरू वाचवू. हाच प्रश्न समाजाला विचारला तर उत्तर इतके सोपे राहत नाही. म्हणून आज त्यावर थोडा विचार करू या.

इंग्लंडमध्ये ‘चिल्ड्रन्स एअर ॲम्ब्युलन्स’ नावाची एक सेवा गेली दहा-बारा वर्षे चालते. लोकांच्या देणग्या आणि जुन्या वस्तूंची दुकाने यांतून तिचा खर्च भागतो. लहान इस्पितळात एखादे मूल अत्यवस्थ झाले आणि तिथे त्याच्यावर पुढचे उपचार होण्यासारखे नसले, तर हेलिकॉप्टरने त्याला मोठ्या बालरुग्णालयात हलवतात. कधी मुलाला न हलवता तज्ज्ञ डॉक्टरांनाच मुलाकडे नेतात. घरच्यांकडून एक पैसाही घेत नाहीत.

मुलांसाठी अशी वेगळी सोय लागते, कारण मूल म्हणजे लहान मापाचा मोठा माणूस नव्हे. त्याची श्वासनलिका अरुंद असते. औषधाचा डोस त्याच्या वजनावर ठरतो. नवजात बाळ लवकर थंड पडते. मूल बराच वेळ तग धरून असल्यासारखे दिसते आणि मग एकाएकी खचते. म्हणून या कामात नुसती घाई चालत नाही. आधी त्याचा श्वास आणि रक्ताभिसरण सावरायचे, मग त्याला उचलायचे, आणि वाटेतही अतिदक्षता विभागासारखी काळजी घ्यायची.

हे वाचून मोलगीच्या डोंगरातला माणूस विचारील, “फादर, आमच्या पाड्यावर अजून जीप येत नाही. हेलिकॉप्टरचे आम्हाला काय सांगता? एका फेरीच्या पैशात कितीतरी बाळांना दूध मिळेल, लस मिळेल, एखाद्या नाल्यावर फरशी होईल.”

हा आक्षेप खरा आहे. तो टाळून चालणार नाही.

हिशेब करणे पाप नाही. ज्याच्या हाती जिल्ह्याचा पैसा आहे, त्याने तो केलाच पाहिजे. दुर्गम पाड्यातले जे बाळ कुपोषणाने हळूहळू झिजते, त्याचे नाव कुणाला माहीत नसते. पण त्यालाही आई असते. समोर दिसणाऱ्या एका मुलासाठी सगळे धावले आणि न दिसणाऱ्या दहा मुलांना विसरले, तर ती करुणा अर्धीच राहिली. मात्र हिशेबाची जागा आधी, बैठकीत आहे. लेकरू समोर तडफडत असताना हिशेब मांडणारा माणूस, माणूस राहत नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले आणि खर्चाचे पैसे दिले. हा माणूस वाचवण्याच्या लायकीचा आहे का, असे त्याने विचारले नाही. पण त्याच वाटेवर दुसऱ्या दिवशीही माणसे लुटली जात असतील, तर ती वाट सुरक्षित करण्याचे कामही कुणीतरी केलेच पाहिजे. दोन्ही कामे प्रेमाचीच आहेत.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. मुलाचा जीव वाचवणे हे दान की कर्तव्य? दानावर चालणारी सेवा कितीही चांगली असली, तरी जिथे दाते आहेत तिथेच ती पोचते. आपल्या डोंगरात दाते कुठून आणायचे?

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण इथे उपयोगी पडते. जॉन फ्लिन नावाच्या एका प्रेस्बिटेरियन पाळकाने १९२८ साली क्लॉनकरी या गावातून भाड्याच्या विमानाने ‘उडत्या डॉक्टरां’ची सेवा सुरू केली. ओसाड मुलखात शेकडो मैल दवाखाना नव्हता. सुरुवात देणग्यांतून झाली. आज त्या सेवेच्या खर्चाचा मोठा भाग सरकार उचलते. म्हणजे दानाने वाट दाखवली आणि समाजाने ते आपले कर्तव्य म्हणून स्वीकारले. दानाचे खरे यश हेच.

आपल्याकडेही असे थोडे झाले आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून बाळंतीण आणि आजारी अर्भकाची ने-आण विनामूल्य झाली. ही कुणाची मेहेरबानी नव्हे. साबणाची वडी घेताना आपण जो कर भरतो, त्यातूनच असा खर्च होतो. शेजारच्या मध्य प्रदेशात २०२४ साली सरकारने हवाई रुग्णवाहिकाही सुरू केली. पण सातपुड्यात आषाढ-श्रावणात ढग दरीत उतरतात, आणि नेमके तेव्हाच नाले फुगून वाट बंद होते. उतरायला सपाट जागा नाही, समोरचे दिसत नाही, तिथे हेलिकॉप्टर काय करणार? म्हणून पहिला टप्पा आपल्याकडे पायांचाच राहतो.

तो टप्पा कोण पार करते, हे आपण जाणतो. बांबूला गोधडी बांधून झोळी करायची, खांदे बदलत डोंगर उतरायचा आणि सडकेला लागायचे. पुढे मोलगीचे ग्रामीण रुग्णालय, आणि तिथे भागले नाही तर देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, नंदुरबार. नर्मदाकाठी तर वाटच पाण्याची आहे. २०२० साली कोरोनाच्या भीतीने लोक येईनासे झाले, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी मासेमाराची होडी मागून घेतली आणि स्वतः वल्हवत सुमारे १८ किलोमीटरचा फेरा करून अलिघाट आणि दादर इथल्या बाळांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत आहार पोचवला. झोळी उचलणारे आणि ही होडी वल्हवणारी ताई, हीच आपली हवाई सेवा आहे. तिकडच्या वैमानिकापेक्षा त्यांचे काम रतिभरही कमी नाही.

पण इथे एक धोका आहे. झोळीवाल्यांचे इतके कौतुक होऊ नये, की रस्ता नसल्याची लाज कुणाला वाटूच नये. जो खांदा देतो त्याला मान द्या, आणि त्याच्याच वतीने ग्रामसभेत रस्त्याची मागणीही करा. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये.

आणि आपला वाटा? बाळ दूध ओढत नाही, त्याची छाती आत ओढली जाते, झटके येतात, ते सुस्त किंवा गार पडते, तेव्हा थांबू नये. बाळाला आईच्या उराशी, कातडीला कातडी लावून, उबेत ठेवावे आणि निघावे. प्रार्थना जरूर करावी, पण चालता चालता करावी. मोबाइलची रेंज कुठे मिळते, झोळीचा बांबू कुणाकडे आहे, रात्री कुणाची गाडी निघेल, हे प्रत्येक पाड्याने पावसाळ्याआधीच बसून ठरवावे. कामासाठी गुजरातेत गेलेल्यांच्या घरी म्हाताऱ्यांजवळ लेकरे राहिली असतील, तर त्यांच्याकडे शेजाऱ्याने लक्ष ठेवावे.

एका लेकराची किंमत किती, याचे उत्तर पैशात निघणार नाही. ज्या समाजात आपले आणि परक्याचे लेकरू यांत फरक करत नाहीत, तिथे तो प्रश्न हळूहळू विचारला जाईनासा होतो. पुढच्या आठवड्यात आपल्या पाड्याची बैठक कधी घेता, ते एकमेकांशी बोलून ठरवा.