हद्द आखणाऱ्याचं देणं

चऱ्होली १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. त्याआधी आणि पुढेही बरीच वर्षं गावठाणातल्या मांजराला हद्द म्हणून नव्हतीच. ते एका घरी दूध पिई, दुसऱ्याच्या माळ्यावर वीत असे आणि साऱ्या आळीच्या धान्याची राखण करी. आता शेतांच्या जागी सोसायट्या आणि रो-हाउस उभी राहिली, रस्त्यावर खडीचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर धावू लागले, आणि मांजराला कंपाउंडच्या आत राहायला कसं शिकवायचं, हा प्रश्न घराघरांत आला. वरवर तो शिकवणीचा वाटतो, पण मुळात तो न्यायाचा आहे. सातबारा आपला, भिंत आपली आणि भिंतीपलीकडचा धोकाही बराचसा आपणच निर्माण केलेला. मग ती हद्द पाळण्याचा सगळा भार मांजराच्या माथी का? जो हद्द आखतो, त्यानेच आतलं जगणं पुरेसं करून द्यायला हवं.

कंपाउंडच्या भिंतीवर चोरांसाठी काचा रोवलेल्या असतात. मांजर त्या हुंगतं, दोन तुकड्यांमधली मोकळी जागा हेरून एकेक पंजा टाकतं आणि पलीकडे उतरतं. काच दिसते, म्हणून ती टाळता येते. मालकाच्या मनातली हद्द दिसत नाही. म्हणूनच भिंत ओलांडून परतलेल्या मांजराला मारलं, तर ते एवढंच शिकतं की घरी आलं की मार बसतो. याउलट रोज ठरल्या वेळी, तीच हाक, डब्याचा तोच खडखडाट आणि आल्याबरोबर घास, हे त्याला नीट कळतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं, की भरपूर मांसाहारी प्रथिनं असलेल्या खाण्यामुळे मांजरांनी घरी आणलेली शिकार ३६ टक्क्यांनी घटली आणि दिवसाकाठी पाच-दहा मिनिटांच्या खेळाने २५ टक्क्यांनी. हा अभ्यास शिकारीचा होता, हद्दीचा नव्हे. तरी बाहेरच्या ओढीतला काही भाग आतल्या उणिवेतून येतो, एवढं त्यातून नक्की दिसतं.

यावर कोणी म्हणेल, इतका खटाटोप कशाला? गळ्यात विजेचा पट्टा बांधावा, सीमेजवळ गेलं की आधी आवाज, मग झटका. या म्हणण्यालाही आधार आहे. लिंकन विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात, वर्षभराहून अधिक काळ अशा कुंपणात राहिलेल्या मांजरांच्या वागण्यात कायमचा बिघाड आढळला नव्हता. तरीही वेल्सने २०१० मध्येच कुत्र्या-मांजरांसाठी असे पट्टे बंद केले होते. आपल्याकडे तर आणखी एक अडचण आहे. अदृश्य कुंपण मांजराला आत ठेवतं, पण भटक्या कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं मागे लागलं तर मांजराने झटका खाऊन पळायचं की झटका टाळून सापडायचं? जे काम भिंतीच्या माथ्यावर आतल्या बाजूला झुकलेल्या जाळीने होतं, त्यासाठी वेदना देणं समर्थनीय ठरत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आणि अधिक वजनदार आहे: मांजर मुळात मोकळं, त्याला अडवणं हीच क्रूरता. पण मोकळेपणाची किंमत केवळ मांजर मोजत नाही. अमेरिकेत मांजरं वर्षाला किमान १३० कोटी पक्षी मारतात, असा अंदाज २०१३ मध्ये मांडला गेला. ऑस्ट्रेलियात कॅनबेरा आणि त्याच्या परिसरात १ जुलै २०२२ पासून जन्मलेली मांजरं मालकाच्या आवारातच ठेवण्याचं बंधन आहे. तिथले आकडे चऱ्होलीच्या इंद्रायणीकाठाला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण पक्षी, शेजाऱ्याची बाग आणि रस्त्यावरचं मरण हे मुद्दे इथेही आहेतच. म्हणजे अडवणं न्याय्य असू शकतं, मात्र ते एका अटीवर: आतलं जगणं पुरेसं हवं. ही अट विसरली की काय होतं, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये हडपसरला दिसलं. एका सदनिकेत सुमारे तीनशे मांजरं होती आणि शेजाऱ्यांच्या तक्रारीनंतर पुणे महापालिकेला हात घालावा लागला. चार भिंतींच्या आत ठेवलं, एवढ्याने सांभाळ होत नाही.

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं तिसरं कलम पाळणाऱ्यावर प्राण्याच्या कल्याणाची जबाबदारी टाकतं. पण त्याच कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र दहा ते पन्नास रुपये. तेव्हा दंडाच्या धाकाने काही सुधारेल, ही आशा फोल आहे. नसबंदी, चढायला उंच फळी, अंग चोरायला आडोसा, मांजर जास्त चपळ असतं त्या पहाटे-संध्याकाळी थोडा खेळ, वेळेवर पोटभर खाणं. यातलं काहीच कठीण नाही, पण रोजचं आहे. ते रोज करायची तयारी नसेल, तर मांजर हद्द पाळत नाही अशी तक्रार करण्याचा हक्कही आपल्याला उरत नाही.